मुंबई–लंडन: अंतर एकच, मग जाताना दहा तास आणि येताना नऊ का?

सांगलीच्या एका गृहस्थांनी विचारलंय. सप्टेंबरात मुलीकडे लंडनला जायचंय, जानेवारीत परत यायचंय. नेटवर मुंबई–लंडन हवाई अंतर ७,२०० किलोमीटर दिसतं. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर आठ तास व्हायला हवेत, पण तिकिटावर जाताना दहा तास आणि येताना नऊ तास लिहिलेत. हे जास्तीचे तास जातात कुठे? पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का? समोरच्या पडद्यावर विमान वाकड्या वाटेनं जाताना का दिसतं? आणि शेवटचा, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न: मुलीनं हीथ्रोवर कधी यावं आणि परतताना सांगलीहून गाडी किती वाजता काढावी?

नमस्कार. मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचमध्ये काढली, त्यातली बरीच रात्रपाळीत. विमान उडायच्या आधी ते कुठून जाईल, किती उंचीवरून, किती इंधन घेऊन, आणि उतरता आलं नाही तर कुठे वळेल, हे सगळं आम्ही कागदावर मांडतो. त्या कागदाला ओएफपी म्हणतात. त्यावर कॅप्टनची सही झाली की विमान निघतं. तेव्हा तुमचा हिशेब मी रोज करत आलोय, फक्त माझ्या कागदावर दोन-चार रकाने जास्त असतात.

तुमचं गणित चुकलेलं नाही. पण त्यात एक गृहीत आहे, की दोन शहरांमधलं अंतर ही न बदलणारी गोष्ट आहे. जमिनीपुरतं ते खरं. पण सांगलीहून मुंबई किती लांब असं कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगता? "सात-आठ तास." किलोमीटर कुणी सांगत नाही, कारण पुढचा प्रश्न वाटेतल्या घाटाचा आणि पनवेलच्या गर्दीचाच असतो. आकाशातही तसंच आहे. तिथला घाट म्हणजे वारा, आणि पनवेल म्हणजे कुणाचं आकाश उघडं आहे आणि कुणाचं बंद.

आधी अंतराचं बघू. मुंबई विमानतळ ते हीथ्रो, पृथ्वीच्या पाठीवरून मोजलेलं सगळ्यात कमी अंतर साधारण ७,२१० किलोमीटर भरतं. नेटवरचा आकडा बरोबर आहे. पण ही रेघ कुठून जाते हे बघणं मजेचं आहे. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर घ्या, एक दोरा मुंबईवर धरा आणि लंडनपर्यंत ताणा. बहुतेकांना वाटतं लंडन पश्चिमेला आहे, म्हणजे दोरा अरबी समुद्रावरून सरळ डावीकडे जाईल. तो जातो वायव्येला. मुंबईहून निघाला की सौराष्ट्राच्या अंगानं जवळजवळ नेमका कराचीवरून, मग बलुचिस्तान, इराण, कॅस्पियन समुद्राचा दक्षिणेकडचा भाग, कॉकेशस, काळ्या समुद्राची ईशान्य कड, युक्रेनमधलं खेरसोन, पुढे प्रागच्या जवळून अँटवर्प आणि लंडन. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ मारलीत तर ती दिसायला सरळ, पण लांबीला साधारण ७,४१० किलोमीटर. दोनशे किलोमीटर जास्त! गोलावर ताणलेला दोरा सपाट कागदावर उतरवला की कमानीसारखा दिसतो. पडद्यावर विमान वाकडं जाताना दिसतं त्यातला निम्मा वाकडेपणा असा नकाशाचा आहे, विमानाचा नाही.

उरलेला निम्मा मात्र खरा आहे. दोऱ्याखालची नावं पुन्हा वाचा. युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून प्रवासी विमानांना बंद आहे. पाकिस्ताननं आपलं आकाश २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद केलं. इराण आणि इराकवर कधी काय होईल याचा भरवसा नसतो. जून २०२५ मध्ये ती दोन्ही आकाशं काही दिवस बंदच होती. म्हणजे ७,२१० किलोमीटरचा तो सुरेख दोरा आजच्या दिवशी कागदावरच राहतो. तुम्ही आपल्या कंपनीच्या विमानानं जाणार की ब्रिटिश कंपनीच्या, यावरही वाट बदलू शकते, कारण कराचीचं दार एकाला बंद आणि दुसऱ्याला उघडं असू शकतं. (आमच्या धंद्यात या आकाशाच्या तुकड्यांना एफआयआर म्हणतात. नवीन मुलगा कामाला लागला आणि "कराची एफआयआर बंद आहे" असं ऐकलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. पोलिसांशी संबंध नाही. फ्लाइट इन्फर्मेशन रीजनचं ते लघुरूप आहे.)

पण इथे एक गोष्ट लोकांना खरी वाटत नाही. वळसा घातला तरी अंतर फारसं वाढत नाही. मुंबईहून समुद्रावरून मस्कत, तिथून बगदाद आणि मग लंडन असा मोडका रस्ता जोडून बघा: ७,४४० किलोमीटर. मूळ दोऱ्यापेक्षा जेमतेम सव्वादोनशे जास्त, म्हणजे पंधरा मिनिटं. लांब दोरा मध्यभागी थोडा बाजूला ओढला तरी त्याची लांबी किंचितच वाढते. दुबईत विमान बदलून जाणाऱ्यांचंही तेच. मुंबई–दुबई आणि दुबई–लंडन मिळून साधारण ७,४२० किलोमीटर होतात. आखाती कंपन्यांचा निम्मा धंदा या भूमितीवर उभा आहे असं मी गमतीनं म्हणतो. तिथे तुमचा वेळ हवेत जात नाही, दुबईच्या बाकावर जातो.

आखातही गढूळ असलं की मात्र खरा वळसा पडतो. सौदीवरून, कैरोवरून, भूमध्य समुद्र ओलांडून जायचं. मुंबई–रियाध–कैरो–लंडन म्हणजे साधारण ७,९०० किलोमीटर. सातशे किलोमीटर जास्त, पाऊण तासाहून थोडं अधिक. एअर इंडियाचं पहिलं लंडनचं विमान, 'मलबार प्रिन्सेस', ८ जून १९४८ ला मुंबईहून निघालं ते कैरो आणि जिनिव्हाला थांबत थांबत गेलं होतं. तेव्हा इंधनासाठी कैरो लागायचं. रात्री दोन वाजता कैरोवरून ओएफपी काढताना मला त्या विमानाची आठवण यायची.

दिल्लीकरांना मात्र पाकिस्तानचा फटका फार जोरात बसतो. मुंबई समुद्राच्या काठावर आहे, डावीकडे वळलं की दार उघडं. दिल्लीच्या विमानाला आधी गुजरातपर्यंत खाली यायचं आणि मग समुद्र गाठायचा. पाकिस्तानचं आकाश बंद झाल्यावर अमेरिकेला जाणाऱ्या काही विमानांना व्हिएन्नाला इंधनासाठी उतरावं लागलं.

२७ फेब्रुवारी २०१९ ची सकाळ मला चांगली आठवते. त्या वेळी आमची पश्चिमेकडची बरीच विमानं कराचीवरून जायची. दुपारच्या विमानाचा कागद काढून झाला होता, इंधनाचा आकडा टँकरवाल्याला कळवलेला होता. तेवढ्यात प्रिंटरनं नोटॅम ओकायला सुरुवात केली. नोटॅम म्हणजे विमानवाल्यांसाठीची सूचना. अमुक धावपट्टी बंद, तमुक दिवा नादुरुस्त, अशी रटाळ कागदं दिवसभर येतच असतात, म्हणून पहिल्या मिनिटाला कुणी वळूनही पाहिलं नाही. मग माझ्या शेजारचा खुर्चीवरून उठला आणि भिंतीवरच्या नकाशापाशी जाऊन नुसता उभा राहिला. पाकिस्तानचं सगळं आकाश बंद होतं. उत्तरेतले आपलेही काही विमानतळ त्या दिवशी काही तास बंद होते. मी समुद्रावरून नवी वाट काढली, वीस-पंचवीस मिनिटं वाढली, टँकर परत बोलावला. कॅप्टन ब्रीफिंगला आला, त्यानं नुसतं "किती?" एवढंच विचारलं. कागदावर पहिल्यांदा बघतात तो आकडा इंधनाचा असतो, अंतराचा नाही. ते आकाश १६ जुलैला उघडलं. तोवर दोन शहरांमधलं अंतर तेवढंच होतं आणि घड्याळ रोज वेगळं बोलत होतं.

आता वारा. तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे.

कोकणात खाडीत होडी वल्हवणाऱ्याला विचारा. भरतीच्या वेळी खाडीत आत जायला जो वेळ लागतो, त्याच्या दुप्पटही ओहोटीच्या वेळी लागू शकतो. वल्ही तेवढीच, हात तेवढेच, काठावरचं अंतर तेवढंच. पण होडी काठावरून चालत नसते, पाण्यावरून चालते, आणि पाणीच उलटं सरकत असतं. विमान तसंच हवेवर चालतं. त्याचा ताशी ९०० चा वेग हा भोवतालच्या हवेच्या तुलनेत असतो. मोठी विमानं ध्वनीच्या वेगाच्या साधारण पंच्याऐंशी टक्के वेगानं जातात. वर जिथे थंडी उणे ५४ अंशांच्या आसपास असते तिथे ध्वनीचा वेग ताशी १,०६५ किलोमीटर भरतो, त्याचे पंच्याऐंशी टक्के म्हणजे तुमचे ९००. पण ती हवाच जर ताशी साठ किलोमीटरनं पूर्वेकडे सरकत असेल, तर लंडनला जाताना जमिनीच्या हिशेबानं तुम्ही ८४० नं जाता आणि येताना ९६० नं.

आणि ती हवा सरकतच असते. साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या उत्तर भारतापासून युरोपपर्यंतच्या पट्ट्यात, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार वारे असतात. त्यांच्या गाभ्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो दक्षिणेकडे सरकतो आणि तापतो, म्हणजे जोर धरतो. त्याच्या मध्यावर ताशी दोनशे किलोमीटर ही नेहमीची गोष्ट, कधी तीनशेही. विमान काही सगळा वेळ त्या गाभ्यात नसतं. जाताना आम्ही त्याला चुकवायला बघतो आणि येताना त्याच्या कुशीत शिरायला. दोन्ही वाटा पडद्यावर एकमेकींवर बसत नाहीत, त्याचं हेही एक कारण.

प्रत्यक्ष कागद कसा दिसतो ते सांगतो, म्हणजे गोष्ट पक्की होईल. समजा आजची वाट वळशांसकट ७,६०० किलोमीटर भरली. ओएफपीवर त्याच्या शेजारी आणखी एक अंतर छापलेलं असतं, हवेतलं अंतर, म्हणजे विमान हवेतून प्रत्यक्ष किती कापणार ते. आणि त्याच्या शेजारी वाऱ्याचा रकाना. जाताना तिथे "एम ०३२" असं काहीतरी असतं. एम म्हणजे मायनस, वारा सरासरी बत्तीस नॉट समोरून, म्हणजे ताशी साठेक किलोमीटर. हवेतलं अंतर येतं ८,१४०. परतीच्या कागदावर त्याच रकान्यात "पी ०३२" असतं आणि हवेतलं अंतर येतं ७,१२५. एकच मुंबई, एकच लंडन, आणि दोन कागदांत हजार किलोमीटरचा फरक! मी इंधन या दुसऱ्या अंतरावर भरतो. तुम्ही मला "मुंबई–लंडन किती?" असं विचारलंत तर मी आधी "कुठल्या बाजूनं आणि कुठल्या महिन्यात?" असं विचारेन.

जाता जाता एक हिशेब. लोकांना वाटतं वारा जाताना जेवढं घेतो तेवढं येताना परत देतो. नाही देत. १५० चा वारा धरा: जाताना ७,६०० ला ७५० नं भागा, दहा तास आठ मिनिटं. येताना १,०५० नं भागा, सात तास चौदा मिनिटं. बेरीज सतरा तास बावीस मिनिटं. वारा नसता तर दोन्ही मिळून सोळा तास त्रेपन्न मिनिटं. समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकता, पाठच्या वाऱ्याचा लाभ कमी वेळ मिळतो. सावकारी आहे ही.

पृथ्वी फिरते म्हणून असं होतं का, हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतं. मुंबई पृथ्वीबरोबर पूर्वेकडे ताशी साधारण १,५८० किलोमीटरनं फिरतेय, पण तिच्यावरची हवा आणि विमानही तिच्याबरोबरच फिरतंय. चालत्या एसटीत उभ्यानं उडी मारली तर तुम्ही मागच्या सीटवर पडत नाही, तेच इथे. पृथ्वीचा हात आहे, पण आडून. उष्ण प्रदेशातली हवा वर चढून उत्तरेकडे सरकते तेव्हा पृथ्वीच्या फिरण्यामुळे ती पूर्वेकडे वळते आणि त्यातून हे पश्चिमी वारे जन्मतात. विमानाला मदत किंवा त्रास होतो तो वाऱ्याचा.

वारा किती करू शकतो याची दोन उदाहरणं आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ आहेत. ९ फेब्रुवारी २०२० ला 'कियारा' वादळाच्या वाऱ्यावर बसून ब्रिटिश एअरवेजचं एक जंबो विमान न्यूयॉर्कहून लंडनला चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. जमिनीच्या हिशेबानं वेग ध्वनीच्या पुढे गेला, तरी ध्वनीची भिंत काही फुटली नाही, कारण हवेतला वेग नेहमीचाच होता. दुसरं आपल्याकडचं. एअर इंडियाचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, साधारण १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते पॅसिफिकवरून न्यायला लागले, १५,३०० किलोमीटर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून ते साडेचौदा तासांत, म्हणजे आधीपेक्षा दोनेक तास लवकर पोहोचलं, कारण सगळी वाट वारा पाठीशी होता. तुमच्या भागाकाराला याचं उत्तर देता येणार नाही.

आता उरलेला वेळ, जमिनीवरचा. तिकिटावर लिहिलेली वेळ हवेतली नसते. आम्ही तिला ब्लॉक टाइम म्हणतो. विमान उभं असताना चाकांना ठोकळे लावलेले असतात. ते काढून विमान मागे ढकलायला सुरुवात झाली की घड्याळ सुरू, आणि तिकडे बे मध्ये, म्हणजे विमान उभं करायच्या जागी, पुन्हा ठोकळे लागले की बंद. मुंबईत दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी जवळपास एकच चालते, आणि रात्री दोनला तिच्यासाठी रांग असते. वीस मिनिटं तिथे सहज जातात. वर चढताना आणि खाली उतरताना विमान ९०० नं जात नसतं, त्यात दहा-पंधरा मिनिटं. आणि हीथ्रोवर पोहोचल्यावर गर्दी असेल तर लंडनच्या भोवतीच्या चार ठरलेल्या जागांपैकी एकीवर घिरट्या. बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकहॅम आणि बिगिन. मुलगी खाली वाट बघत असते आणि तुम्ही बिगिनवर प्रदक्षिणा घालत असता. कंपन्या ब्लॉक टाइममध्ये थोडी सैलही ठेवतात, वेळेवर पोहोचल्याचं श्रेय मिळावं म्हणून. यात फसवणूक नाही. पण "वीस मिनिटं आधीच पोहोचलो" या घोषणेवर मी तरी टाळ्या वाजवत नाही.

बेरीज करून बघा. जाताना ७,६०० भागिले ८४०, म्हणजे नऊ तासांच्या किंचित वर. चढ-उताराची पंधरा मिनिटं. दोन्हीकडची जमीन अर्धा-पाऊण तास. दहा तास झाले. येताना ९६० नं आठ तासांच्या किंचित आत, वरचं तेवढंच, झाले नऊ. तिकीट खोटं बोलत नाही.

एवढा खटाटोप नको असेल तर माझा ढोबळ नियम: नेटवरचं अंतर घ्या, पश्चिमेकडे जाताना ८०० नं भागा, पूर्वेकडे येताना ९०० नं, आणि वर एक तास मिळवा. मुंबई–लंडन ७,२१०: नऊ अधिक एक दहा, आठ अधिक एक नऊ. मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर: जाताना साधारण साडेसोळा, येताना पंधराच्या आत. मुंबई–सिंगापूरसारख्या विषुववृत्ताजवळच्या वाटेवर जेट स्ट्रीम नसतो, तिथे जाण्या-येण्यातला फरक फार कमी पडतो. आणि उत्तर–दक्षिण प्रवासाला हा नियम लावू नका, वारा तिथे आडवा असतो.

हा नियम वर्षाची सरासरी आहे, तुमच्या दिवसाचा नाही. तुमचं जाणं सप्टेंबरात आहे हे बरं. जेट तेव्हा उत्तरेकडे आणि मवाळ असतो. शिवाय पावसाळ्यात आपल्या दक्षिण भारतावर खूप उंचावर उलटा, पूर्वेकडून येणारा वारा असतो, तो सुरुवातीला थोडा हातभार लावू शकतो. तिकिटावर दहा लिहिलं असलं तरी साडेनऊला बे मध्ये लागलात तर मला नवल वाटणार नाही. परतीला जानेवारी, तेव्हा पाठीशी दणकट वारा. हवेतला वेळ आठ तासांच्या आतही येऊ शकतो. पण जोरदार वाऱ्याच्या कडेला हवा खडबडीत असते, म्हणून पट्टा सैल का होईना बांधून ठेवा. पुन्हा सांगतो, हे सगळं वाट उघडी असेल तर. आखातात काही बिनसलं तर पाऊण तास वाढवा, आणि दोष वैमानिकाला देऊ नका.

जाणारं विमान साधारण ३६,००० किंवा ३८,००० फुटांवर दिसेल, येणारं ३७,००० किंवा ३९,००० वर. पश्चिमेकडे सम हजार, पूर्वेकडे विषम, म्हणजे समोरासमोरची विमानं एकमेकांच्या उंचीवर येत नाहीत. नातवंडांना पडद्यावर दाखवायला चांगलं आहे. सुरुवातीला विमान खालीच राहतं, कारण पोटात इंधन असतं. ते जळेल तसं पायरीपायरीनं वर चढतं. इंधन वाहायलाही इंधन लागतं. लंडनपर्यंत एक टन जास्त न्यायचा तर त्यातला पाव टन तो वाहण्यातच जळतो. न्यूयॉर्कच्या वाटेवर तर वारा किंवा वळसा वाढला की आम्हाला सामान उतरवावं लागायचं. हापूसच्या मोसमात एकदा पेट्या उतरवायचा निरोप मी कार्गोला दिला तेव्हा पलीकडून आलेलं उत्तर इथे लिहिण्यासारखं नाही.

आता घड्याळाचा घोळ, कारण तिथे भलेभले चुकतात. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. सप्टेंबरात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला पोहोचतं असं दिसलं तर ते साडेपाच तास नव्हेत. साडेपाच अधिक साडेचार, दहा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं एक तास मागे जातात, म्हणजे जानेवारीत फरक साडेपाच तासांचा. तेव्हा सकाळी दहाला निघालेलं विमान मध्यरात्रीनंतर साडेबाराला मुंबईत येतं: घड्याळात साडेचौदा, त्यातून साडेपाच वजा, नऊ. आणि तारीख बदललेली असते, हे गाडीवाल्याला दोनदा सांगा. माझ्या मावसभावानं स्वतःच्या आईला आणायला एक दिवस उशिरा गाडी पाठवली होती. मावशी टॅक्सीनं दादरला आली आणि नंतर आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

हीथ्रोचं उत्तर सोपं आहे. विमान मुंबईहून उडालं की मुलीनं फोनवर त्याची अपेक्षित उतरण्याची वेळ बघावी. उडायच्या आधीची वेळ म्हणजे वेळापत्रक. उडाल्यानंतरची वेळ त्या दिवसाच्या वाऱ्यावर काढलेली असते आणि तिच्यात सहसा दहा-पंधरा मिनिटांचीच चूक निघते. चाकं टेकल्यापासून तुम्ही पासपोर्ट, बॅगा आटोपून बाहेर यायला तासभर तरी धरा. तिनं उतरण्याच्या वेळेला घरून निघालं तरी चालेल, गाडी उभी करायचे पैसे वाचतील.

परतीचं गणित तर आणखी सोपं. तुमचं विमान लंडनहून सुटल्यापासून तुम्ही मुंबईत बॅगा घेऊन बाहेर येईपर्यंत साधारण दहा तास. सांगलीहून मुंबई सात-आठ तास, वाटेत जेवण धरून नऊ. म्हणजे जावई म्हणा, मुलगा म्हणा, त्यानं फोनवर तुमचं विमान हीथ्रोहून उडालेलं बघावं, चहा घ्यावा आणि गाडीला किल्ली लावावी. दोघंही साधारण एकाच वेळी पोहोचाल. तुम्ही दहा-वीस मिनिटं आधी आलात तर बाहेर थांबा. बोरघाटात ट्रक आडवा झालाय की नाही हे माझ्या वाऱ्याच्या नकाशात दिसत नाही.